दर्याकाठची येळवस

दूध संस्थेच्या ओट्यावर रोज सकाळी कुणी ना कुणी विचारतंच, "आबा, समुद्र केवढा असतो वो?" एकाला सांगून होतंय तवर दुसरा कॅन घेऊन हजर. तोंड दुखायला लागलं. शेवटी आमचे सेक्रेटरी म्हणाले, "आबा, एकदा लिहूनच द्या. संस्थेच्या अहवालात मागची पानं दरवर्षी कोरीच जातात." मी म्हणालो, "माझी शाळा चौथीची, तीबी निजामाच्या अमलातली, अर्धी उर्दूत." ते म्हणाले, "तोंडानं बोलता तसं हातानं लिहा." तसंच लिहितोय. गोड लागणार न्हाय कुणाला, पण खोटं न्हाय.

आधी सांगतो की मी गेलो कशापायी. समुद्र बघायची मला हौस नव्हती. माझी मंडळी, सोजर, आखाडात गेली. शुद्धीवर होती तेव्हाच म्हणाली, "औंदाची येळवस शांताकडं करा." शांता आमची धाकटी. तिला दिली पार कोकणात, समुद्राच्या काठाला. जावई तिथल्या शाळेत मास्तर. मी म्हणालो, "अगं, तिच्याकडं शेत कुठाय?"

"शेत न्हाय म्हणून पोरीनं येळवस सोडायची का? लगीन झाल्यापासून एक केली न्हाय तिनं. माझी बिंदगी तिला न्या. आन करा."

मी "व्हय" म्हणालो. त्यानंतर तिनं मला काही सांगितलं न्हाय. म्हणून ते काम करायचंच होतं, मग मधी डोंगर येऊ द्या की समुद्र.

हा अहवाल तालुक्याच्या बाहेरबी जातो म्हणतात, म्हणून परमुलखाच्या माणसासाठी सांगतो. मार्गशीर्षाच्या अवसेला आमच्याकडं येळवस. त्या दिवशी जेवण शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे. मातीच्या बिंदगीत आंबील, म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेलं, वर लसणाची चव. ती घरच्या बाईनं डोक्यावरनं शेतात न्यायची. सगळ्या शेंगाभाज्यांची एकत्र भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आंबील शेताला चारी बाजूंनी शिंपायची. वाटंनं जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. दिवस बुडता कडब्याचा पेटता हेंडगा, म्हणजे चूड, घेऊन शेताला फेरी मारायची. झाली येळवस.

सोजरची येळवस कधी मोडली न्हाय, हे मी छाती काढून सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात आमी दोघं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होतो. खायला रेशनची लाल मिलो, परदेशातनं आलेली ज्वारी. सोजरनं त्या मिलोची आंबील केली. ताक कुठलं आणायचं, चिंचेच्या पाण्यात आंबवली. शेतात नुसती ढेकळं, तरी चारी बाजूंनी शिंपली, आन खडीवरच्या सगळ्या बायांना बोलावून वाटी वाटी पाजली. मुकादम हसला. "सोजरबाई, काय उगवलंय म्हणून शिंपताय?" ही म्हणाली, "उगवल्यावर तर कुणीबी शिंपतं."

अशी बाई. तिची बिंदगी घेऊन मी निघालो, तर माझा धाकटा भाऊ नामदेव आडवा. "दादा, येळवशीला पुण्या-मुंबईची माणसं गावाकडं येतात, आन तुम्ही गाव सोडून चाललाव? लोक काय म्हणतील?"

"लोकाला म्हणावं आंबील प्या. तोंड थंड राहतं."

बिंदगी मांडीवर

नळदुर्गाहून सोलापूर, तिथनं कोल्हापूर, मग फोंड्याचा घाट. एसटीचं काय सांगायचं, तुम्हाला ठाऊकच हाय. पाठीवर ज्वारीच्या पिठाचं गठुडं, त्यात बाजरी, तीळ, शेंगदाणे, वाळलेल्या शेंगांचे दाणे. मांडीवर बिंदगी, तिच्यावर सोजरचा चुना-कावेचा हात अजून दिसतोय. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, मडकं वर ठेवा."

"वरनं पडलं तर तू घडवून देणार का?"

"अहो, माणसाला बसायला जागा न्हाय."

"मग हिला माणूस समज आन गप तिकीट फाड."

गाडीतली माणसं हसली. मी न्हाय हसलो. घाटात वळणावळणाला गाडीनं हिसके दिले, पण बिंदगी सोडली न्हाय.

घाट उतरलं की हवा बदलती. आमच्याकडची हवा कोरडी, खणखणीत. ही हवा ओल्या धोतरासारखी अंगाला चिकटती. माती तांबडी, भाजलेल्या विटेवानी. मी एका ठिकाणी उतरून चिमूटभर हातात घेतली. चिकटंना, वळंना. असल्या मातीत शाळू येणार न्हाय. मनात म्हणालो, झाडं लई हायत ह्यांच्याकडं, पण काळं रान न्हाय. उगाच बरं वाटलं.

देवगडाच्या पल्याड एका खाडीवर रस्ता संपला. तिथं जावईबापू उभे. पुढं होडी, तिला तर म्हणतात. मी जलमात होडीत बसलो नव्हतो. तरवाला म्हणाला, "आजोबांनू, मडक्यात काय हाडलात? सोना?" मी म्हणालो, "माझी बायको." त्यानं वल्हं उचललं. जावईबापूंनी मान खाली घातली. मलाबी कळंना असं का बोललो. पण बोललो ते बोललो.

पल्याड उतरून काळा कातळ चढायचा, मग काजूच्या झाडीतनं खाली. गाडीवाट न्हाय, दुकान न्हाय, विजेचा खांब न्हाय. झाडी संपली आन एकदम उजेड अंगावर आला.

आता समुद्र केवढा, ते सांगतो. ज्वारी पोटऱ्यात आली की वाऱ्यानं सगळं शिवार हलतं, ते तुम्ही बघितलंय. तसं हलतं शिवार डोळे जातील तिथवर, बांध कुठंच न्हाय. त्याच्या कडंला चाळलेल्या रव्यासारखी वाळू, तिच्यावर एका माणसाचं पाऊल न्हाय. दोन्ही अंगाला डोंगराची दोन टोकं बैलाच्या शिंगासारखी पाण्यात गेलेली. आन आवाज असा की खळ्यावर मळणी चाललीय आन ती थांबायलाच तयार न्हाय. एवढं पाणी, आन सोजर घागरीसाठी कोस कोस चालली. मी वाळूत बसलो. जावई म्हणाले, "मामा, दम लागला का?" मी म्हणालो, "व्हय." दम लागला नव्हता.

रापण

शांतानं गळ्यात पडून रडून घेतलं आन लगेच पीठ चाळायला बसली. आईवर गेलीय. आता अडचण ताकाची. अख्ख्या वाडीत कोरा चहा! मी दूध संस्थेचा पहिल्यापासूनचा सभासद, सकाळ-संध्याकाळ कॅननं दूध घालणारा, आन लोटाभर दुधासाठी दारोदार. एका घरी बकरी, ती आटलेली. शेवटी शेजारची भागीकाकी, मासे विकणारी धिप्पाड बाई, मला टेकाडावर एका घरी घेऊन गेली. तिथं गाय होती, आमच्या वासराएवढी. मी म्हणालो, "ही गाय हाय का मांजर?" भागीकाकी म्हणाली, "आजोबांनू, दूध व्हया तर गायीक नावा ठेवू नकात." बरोबर बोलली. दूध मिळालं, विरजण लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीची रापण बघितली, ती ध्यानात राहील. लांबच्या लांब जाळं होडीनं समुद्रात गोल सोडतात आन त्याची दोन्ही टोकं काठावरनं ओढतात. बाया, बापे, म्हातारे, सगळी वाडी दोन दोऱ्यांना. तांडेल म्हणजे त्यांचा मुकादम, काळाभोर गडी, पाण्यात कमरंपर्यंत उभा राहून ओरडत होता. मला बघत बसवंना. धोतर खोचलं आन लागलो दोरीला.

"आजोबांनू, पडशात हां!"

"तू तुझं जाळं बघ. आमी मोटा ओढलेली माणसं हावोत."

ओढली. हाताची सालटं निघाली, पण शेवटपर्यंत ओढली. जाळं वर आलं तेव्हा चांदीच्या रुपयांचं पोतं फुटल्यागत मासळी. वाळूवर वाटे घातले आन तांडेलानं एक ढीग माझ्यापुढं सरकवला. मी म्हणालो, "माझा काय संबंध?"

"दोरीक हात लावलात मा? मगे वाटो तुमचो. आमचो नियमच तसो."

मी त्याला म्हणालो, आमच्याकडंबी असंच. थेंब थेंब दूध एकत्र करून आमी संस्था काढली, सगळे सभासद, सगळ्यांना वाटा. ऐटीत सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "बरा केलात. आमची ही माज्या पणज्यापासून आसा." आपल्या संस्थेचा अभिमान मला हाय आन राहणार, पण त्या वाळूवर मी आपला खाली बसून मासळी भरायला लागलो.

दुपारी शांतानं तोच मासा वाढला. चव चांगली. काटा घशात अडकला, भाकरीच्या घासानं खाली गेला. ज्वारीची भाकरी होती म्हणून वाचलो. त्यांच्या भातानं काय झालं असतं देव जाणे.

संध्याकाळी मी भागीकाकीला विचारलं, "तुमची शेतं कुठायत? उद्या येळवस शेतात करायची असती."

तिनं हात समुद्राकडं केला. "आमचा शेत ह्याच."

"मग इथंच करायची. सगळ्या वाडीनं जेवायला या."

शांता आतनं ओरडली, "आबा! सगळी वाडी?"

"तुझी आई मोजून बोलावायची का?"

अवस

शांता तांबडं फुटायच्या आधी चुलीपाशी बसली. आंबिलीचा वास आला आन मी अंगणात जाऊन उभा राहिलो. तोच वास. लसूण जरा जास्त, तोबी तोच. मग शांतानं बिंदगी भरली, तोंडाला फडकं बांधलं, वर घोंगडीची घडी घालून डोक्यावर घेतली आन माडातनं समुद्राकडं निघाली. वाडीच्या बाया दारात येऊन बघायला लागल्या. मी मागनं चाललो होतो. पाठमोरी बघितली तर कोण म्हणून सांगू.

समुद्र तेव्हा लांब होता. मधी लांबरुंद ओली वाळू. ऊन तापायला लागलेलं. आंबील गार राहावी म्हणून सोजर काय करायची? बोरी नदीच्या ओल्या वाळूत बिंदगी गळ्यापर्यंत पुरायची. मीबी तेच केलं. पाण्याच्या जवळ जाऊन हातभर खोल उकरलं, बिंदगी बसवली, वाळू दाबली, तोंडावर झाकणाला मातीचा परळ ठेवला.

जावईबापू म्हणाले, "मामा, इथं नको. पाणी वर येतं."

मी म्हणालो, "मास्तर, मार्गशीर्ष चाललाय. ह्या महिन्यात पाणी मागं जातं का पुढं? आमची जिंदगी पाणी बघण्यात गेली."

ते दोनदा बोलले. मी ऐकलं न्हाय. आमच्या मुलखात पाऊस संपला की पाणी रोज थोडं थोडं मागंच जातं. तळं असो, हिर असो, नदी असो. पाऊस न पडता पाणी आपल्या पायानं वर येतं, हे सांगितलं असतं तरी आमच्या गावात कुणाला पटलं नसतं. बघा आता हसताय. तुम्हीबी तिथंच पुरली असती.

वर कोरड्या वाळूत माडाच्या झावळ्यांची कोप केली. पाच दगड काळे, समुद्रानं घासून गुळगुळीत केलेले; त्यांना शिंपल्यांचा चुना लावला. कोपीचं तोंड उगवतीला, म्हणून समुद्र आमच्या पाठीला. पूजा झाली. वाडी आली. सगळे पंगतीला बसले, पानावर भज्जी पडली, उंडा पडला, खीर पडली. शांता म्हणाली, "आबा, आंबील आणा. आधी शिंपू, मग वाढू."

मी कोपीमागं गेलो. ओली वाळू नव्हतीच. जिथं मी बिंदगी पुरली तिथं माणूस बुडेल एवढं पाणी, आन लाटा पार माडापर्यंत.

मी सरळ पाण्यात गेलो. धोतर पायात गुंतलं, एका लाटेनं पाडलं, नाकातोंडात खारं पाणी. तांडेलानं मागनं येऊन दंडाला धरून ओढलं. "आजोबांनू, भायर येवा! ह्या तुमचा तळा न्हय! आज अवस, उधाणाची भरती ही!"

त्यांच्याकडं दर्या रोज दोनदा वर येतो आन दोनदा मागं जातो, आन अवस-पुनवंला सगळ्यात जास्ती. म्हणजे आमची येळवस आन त्याचं उधाण एकाच दिवशी. हे मला तेव्हा कळलं, भिजून.

मी पंगतीपुढं उभा राहून म्हणालो, "उठा सगळे. आंबील शिंपल्याबिगर येळवस होत न्हाय. माझ्या बायकोची बिंदगी गेली. मोडली येळवस." कुणाचा हात पानाला लागंना.

तेव्हा शांता पुढं आली. कमरंवर हात. "आबा, बसा खाली. बोलावलेलं माणूस पानावरनं उठवायचं? आईनं उठवलं असतं का?"

मी बसलो. न बसून सांगतो कुणाला, आवाजबी आईचाच. सगळे अजून माझ्या तोंडाकडं बघत होते. तेव्हा भागीकाकी खिरीत बोट बुडवत म्हणाली, "गुरुजींच्या बायले, दर्यो आदी जेवलो. आता आमका वाढ." कुणीतरी हसलं, मग सगळे हसले, आन पंगत सुरू झाली. भज्जी अशी उडाली की शांताला चाखायला उरली न्हाय. तांडेल तीनदा मागून म्हणाला, "ह्याच्यात मासो नाय तरी गोड कसा लागता?" मी म्हणालो, "काळ्या रानाचा दाणा हाय, बाबा." तेवढं बोलायची ताकद तेव्हाबी होती.

"सांजेक सुकती येतली," तांडेल म्हणाला, "दर्यो मागे जातलो. मगे सोदूया."

दिवस बुडायला पाणी खरंच मागं गेलं, सकाळपेक्षाबी लांब. पण वाळू सगळी पुसून कोरी. खूण न्हाय, पाऊल न्हाय. आमची हेंडग्याची वेळ झाली होती. कडबा न्हाय म्हणून शांतानं सुक्या झावळ्यांची चूड बांधली, पेटवली. ते बघून भागीकाकीनं पेटवली, मग तांडेलानं, मग घराघरातनं चुडी आल्या. रापणीला उभे राहतात तसे सगळे ओळीनं उभे राहिले आन पायानं वाळू चाचपत पाण्याकडं चालायला लागले. मी मागं उभा राहून बघत होतो. आमच्या शिवारात त्या घडीला वस्ती वस्तीवर असाच जाळ फिरत असतो. सोजरला लांबनं बघायला लई आवडायचं. हा जाळ तर पाण्यातबी दिसत होता, म्हणजे दुप्पट.

"गावली! माका गावली!" भागीकाकी ओरडली. तिच्या टाचेला कड लागली होती. शांता गुडघ्यावर बसली आन हातानं उकरायला लागली. हातभर पुरलेली म्हणून तगली. परळ गेला, फडकं गेलं, पण बिंदगी अखंड. कुठं टवका न्हाय. आत वाळू, खारं पाणी आन एक खेकडा, तो आपला वाकडा चालत निघून गेला. आंबिलीचा टिपूस न्हाय.

शांतानं बिंदगी छातीशी धरली आन माझ्याकडं बघितलं. "आबा, शिंपायची राहिली."

मी समुद्राकडं बघितलं. भागीकाकीचं शेत. त्याचा चौथा बांध कुठाय ते तिला ठाऊक न्हाय, तांडेलाला न्हाय. सोजरच्या हातची रीत, शांताच्या हातची आंबील दिवसभर त्याच्यात फिरत होती.

"राहिली कुठं?" मी म्हणालो. "आपल्या घराण्यात एवढं रान कुणी शिंपलं न्हाय."

चुडीच्या उजेडात पोरगी रडत होती का हसत होती ते नीट दिसलं न्हाय. माझंबी तिला दिसलं नसंल.

दुसऱ्या दिवशीच्या रापणीत मासळी लई आली न्हाय. कशाला खोटं सांगू. तांडेलानं मला चिडवलं, "आजोबांनू, तुमची आंबील काय लागू पडली नाय." मी काही बोलायच्या आत शांता म्हणाली, "तांडेल, भरल्या जाळ्यावर तर कुणीबी शिंपतं." मी दोरी ओढत होतो. जरा जोरानं ओढली.

निघताना वाडीच्या बाया होडीपर्यंत आल्या. भागीकाकीनं सुके बांगडे बांधून दिले आन दम दिला, "फुडल्या अवसेक आंबील आमका, दर्याक मगे." बिंदगी शांताकडं राहिली, एसटीत ह्या वेळी मांडी मोकळी होती. सारखा हात तिथं जायचा.

गावात उतरलो तर नामदेव थांब्यावरच. माझ्या हाताकडं बघितलं, गठुड्याकडं बघितलं, सुक्या बांगड्यांच्या वासानं नाक मुरडलं.

"दादा, वहिनीची बिंदगी कुठाय?"

"शेतावर," मी म्हणालो, आन चालायला लागलो.